चपलांचा संघ

महादूकाकांच्या घरी चांगली चप्पल घालून जायचं नाही, हे लग्न होऊन आल्यावर मला एकानेही सांगितलं नाही. त्याचा राग मला अजून आहे. संक्रांतीचा तिळगूळ द्यायला शेजारी गेले, काकूंशी चुलीपाशी दोन शब्द बोलले आणि बाहेर येऊन बघते तर पायरीवर माझी एकच चप्पल. माहेरून आणलेली, नवी कोरी. ओट्यावर गावातले बाप्ये टीव्हीवरच्या कबड्डीकडे तोंड करून बसलेले आणि त्यांच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर, सात चपला अर्धगोलात मांडलेल्या. त्यातली एक माझी. मी पदर सावरून पुढे झाले, तसा एक म्हातारा माझ्यावर खेकसला, "ए, थांब गो! हात नको लावू तिला. राइट कव्हरला हाय ती. मॅच संपली का ने."

नव्या सुनेने काय बोलायचं? एक पाय अनवाणी घेऊन घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला. म्हणाला, "कव्हरला घेतली ना तुला? नशीबवान हायस. माझी कायम बेंचवर असते." मी त्याच्यावरही भडकले. असा संसार सुरू झाला माझा.

तो खेकसणारा म्हातारा म्हणजेच महादूकाका. मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, आणि गावात त्यांची भाताची गिरणी. कबड्डीचा सामना असला की गिरणी बंद. बाहेर पोती घेऊन बायका ताटकळत उभ्या, आत हा माणूस कुलूप शोधतोय. कोणी कुरकुर केलीच तर, "भात काय पळून चाललाय का तुझा?" वर आणि दरडावणार. उजवा कान चुरगळलेला, उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. ती बोटं माझ्या सासऱ्यांनी वाकडी केलेली. भांडणात नाही, खेळताना. काका लेफ्ट कॉर्नर, म्हणजे डाव्या कोपऱ्याला उभे राहायचे आणि सासरे त्यांना लागून, त्या जागेला 'इन' म्हणतात, आणि त्याच्या पुढच्या, मधल्या गड्याकडच्या जागेला 'कव्हर'. दोघांनी एकमेकांचा हात धरून साखळी करायची. गंमत अशी की शेताच्या बांधावरून या दोघांचं वाकडं होतं. वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पण खळ्यावर सामना लागला की हातात हात. काकांना विचारलं तर म्हणायचे, "बांधाचं भांडान बांधावर. खेळताना त्याचा हात सोडला असता तर मीच आउट झालो असतो ना!"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान या एका हातात होतं. कुठलाही खेळाडू टीव्हीवर चमकला आणि पोरांनी त्याचं कौतुक केलं की काका विचारणार, "ते ठीक हाय रे. पन हात कोनाचा धरलाय त्याने?" कोपऱ्याला उभा असलेला गडी चढाईवाल्याचा घोटा धरतो, लोक टाळ्या वाजवतात. पण कधी झेप घ्यायची हे त्याला इनवाला सांगतो. तोंडाने नाही, हात दाबून. दाबला की जायचं, नाही दाबला तर थांबायचं. हे पाहणाऱ्याला दिसत नाही.

माझा धाकटा दीर बाळू आणि वरच्या पाड्यावरचा विष्णू, या दोघांना काकांनी लहानपणापासून असं तयार केलं. भात झोडून खळं मोकळं झालं की रोज संध्याकाळी खेळ. विष्णू कोपऱ्याला, बाळू इनला. माझं माहेर डोळखांबकडचं, शाळेत असताना मीही कबड्डी खेळले आहे, त्यामुळे थोडंफार कळतं मला. काय जोडी होती ती! विष्णू नुसता वाघ. पण बाळूचा हात दाबला गेल्याशिवाय तो जागचा हलायचा नाही. मधूनच एखाद्या पोराने "बाळूला कव्हरला घेऊन बघू की" म्हटलं तर काका त्याच्या अंगावर धावून जायचे. "ज्याची जागा त्याने राखायची! उद्या मला सांगशील, म्हशीला पाळण्यात घाल!"

आणि याच हट्टाने घात केला.

मुरबाडला हिवाळ्यात मोठे सामने होते. त्या टीव्हीवर खेळणाऱ्या संघांपैकी एका संघाची निवड करणारी माणसं आली होती. आमचं गाव उपान्त्य फेरीपर्यंत गेलं, या दोघांच्या जिवावर. सामना संपल्यावर ती माणसं काकांपाशी आली. विष्णू त्यांना हवाच होता. बाळूही आवडला होता. फक्त त्यांनी सांगितलं, "आमच्याकडे इनला चढाई करणारेच उभे राहतात. नुसता इन आम्हाला चालत नाही. हा मुलगा कव्हरला खेळेल का? चाचणीला पाठवता?" बाळू शेजारीच उभा, अंगाला माती, डोळे काकांच्या तोंडाकडे. आणि काका काय म्हणाले? "नाय खेळनार. इनचा पोरगा हाय तो, इनलाच खेळंल. घ्यायचे तर दोघं जोडीने घ्या."

त्या लोकांनी विष्णूला नेलं. त्यांना काय, त्यांच्यापुढे पोरांची रांग. काकांना वाटलं होतं, महिन्याभरात येतील झक मारत. कोणी आलं नाही. विष्णूच्या मिरवणुकीत बाळू गुलालात सगळ्यांत पुढे नाचला. मी त्याचे कपडे धुतले, रंग जाता जाईना. पुढच्या पावसाळ्याआधी तो मुरबाडच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. शिफ्ट ड्युटी. खेळणं सुटलंच.

त्यानंतर काकांच्या ओट्यावर जे सुरू झालं, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. विष्णूच्या संघाचा सामना असला की चर्चा एकच, पहिल्या सातात विष्णू का नाही. रिक्षावाला किसन कपाळ बडवायचा, "बेंच गरम करायला नेलाय काय त्याला? त्या उंच गड्याला काढा ना कोपऱ्यातून!" दुसरा म्हणायचा, "उंचाला कव्हरला टाका, विष्णू कोपऱ्याला, झालं काम." काका चपला इकडच्या तिकडे सरकवायचे. ही उचल, ती ठेव. डाव्या कोपऱ्याला आणि त्याच्या इनला ते नेहमी एकाच जोडीच्या दोन चपला ठेवायचे, आणि त्या जोडीला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. मग ठरलेलं वाक्य, "अरे विष्णूला घेऊन उपेग नाय! त्याच्या बाजूला चढाईवाला उभा करतात. तो दमून आलेला, तो काय हात दाबनार? तिथं आपला बाळ्या पायजे, बाळ्या!" सगळे माना डोलवणार, "बरोबर हाय काका." आणि बाळू तिथेच, खांबाला टेकून. जोडी त्याच्याच चपलांची. तो उठूनही जायचा नाही. मला कळायचं नाही आधी कोणाच्या कानाखाली वाजवू.

एक दिवस मी भात घेऊन गिरणीवर गेले. काका एकटेच होते. पोतं ओतता ओतता सुरू झाले, "काल बघितलीस मॅच? बाळ्या असता ना तिथं—"

"काका, पुरे!" मी ओरडले. गिरणीच्या आवाजात ओरडावंच लागतं, पण मी त्याहून मोठ्याने ओरडले. "बाळू असता, बाळू असता! तो का नाही तिथे? तुम्ही नेऊ दिलं नाही म्हणून. एक शब्द म्हणायचा होता, खेळेल. शिकला असता तो कव्हर! तुमची जोडी राहिली पाहिजे म्हणून तुम्ही माझ्या दिराचं वाटोळं केलंत, आणि वर रोज त्याच्या तोंडावर ते उगाळता. लाज नाही वाटत?"

भात भरडून झाला तशी काकांनी गिरणी बंद केली. मला वाटलं, आता शिव्या येणार, आणि मी त्याचीच वाट बघत होते, कारण मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी तांदूळ भरून दिला, कोंडा वेगळा बांधून दिला. मी तणतणत घरी आले. नवरा म्हणाला, मोठ्या माणसाशी असं बोलतात का. म्हटलं, मोठी माणसं असं वागतात का?

पुढे बरेच दिवस आमचं बोलणं बंद होतं. मग एका संध्याकाळी गावभर बोंब झाली, विष्णू आज पहिल्या सातात! त्यांचा तो उंच गडी जायबंदी झाला होता. अख्खा गाव काकांच्या ओट्यावर. मीही गेले, राग गिळून, दाराशी उभी राहिले. बाळू नाइट शिफ्टला निघालेला, डबा हातात, पण तोही थांबला. चपला मांडलेल्या. विष्णू टीव्हीवर दिसला तेव्हा किसनने एवढी शिट्टी मारली की काकूंच्या हातातलं भांडं पडलं.

आणि विष्णू हरला. सरळ सांगायचं तर हरलाच. पहिल्याच चढाईला लवकर झेपावला, आउट. परत आत आला, परत तेच. त्याचा उजवा हात शेजाऱ्याच्या हातात होता, पण तो शेजाऱ्याकडे बघत होता, मान वळवून वळवून, हात दाबला जाईना म्हणून. तिसऱ्यांदा आउट झाल्यावर त्याला बसवलं. मग ओट्यावरचे शूरवीर सुटले. "अरे हा काय खेळतो! गावाची अब्रू घालवली!" किसन तर म्हणाला, याला परत पाठवा, माझ्या रिक्षावर क्लीनर म्हणून घेतो.

"गप बसा!" काका असे गरजले की टीव्हीसुद्धा कोणीतरी घाबरून बंद केला. "पोराला काय बोलता रे? त्याची काय चूक? मी त्याला एकट्याने उभं राहायला शिकवलंच नाय. हात दाबंल तेवाच जायचं, हेच शिकवलं. आनि ह्याला," त्यांनी बाळूकडे वाकडं बोट केलं, "ह्याला दुसऱ्या जागी उभं राहू दिलं नाय. ते लोक विचारत होते. मीच नाय बोललो. दोघांना मी घालवलं. मला बोला, काय बोलायचं ते." आणि उठून त्यांनी ओट्यावरच्या चपलांना अशी लाथ मारली की दोन अंगणात गेल्या.

काका बाळूपुढे येऊन उभे राहिले. आवाज अजून चढलेलाच. "बाळ्या, उद्यापासून खळ्यावर ये. कव्हर शिकवतो तुला. मी स्वतः त्या लोकांकडं घेऊन जातो. पाया पडतो त्यांच्या."

बाळू त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. पण आमचा बाळू कधी रागावत नाही, म्हणून ते काम मला करावं लागतं.

"काका," तो म्हणाला, "माझी चप्पल द्या. कामावर जायचंय. गाडी निघंल."

काका खाली उतरले. अंगणात अंधुक उजेडात शोधून त्यांनी दोन्ही चपला आणल्या आणि बाळूच्या पायाशी जोडीने ठेवल्या. बाळू घालून निघून गेला.

त्यानंतर काकांनी संघ मांडला नाही. लोक येऊन बसायचे, सामना बघायचे, आपापल्या चपला घालून जायचे. विष्णू पुढच्या वर्षी दुसऱ्या संघात गेला, आता बरा खेळतो म्हणतात. मी काकांशी पुन्हा बोलायला लागले होते, भाताला जायचे, पण गोड बोलले नाही. ते जमलंच नाही मला. भाद्रपदात ते गेले. विष्णू गाडी करून आला, काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. किसनच्या मंडळाने नाक्यावर फलक लावला, त्यात विष्णूचा फोटो हातभर आणि काकांचा टिकलीएवढा. मी किसनला रस्त्यात गाठून विचारलं, मेलं कोण आहे रे नक्की?

दहाव्यानंतर बाळू आणि मी काकूंना भेटायला गेलो. थोडा वेळ बसलो, उठलो. दारातून बाहेर पडताच बाळू जुन्या सवयीने ओट्यावर वळला आणि काका संघ मांडायचे तिथे, डाव्या कोपऱ्याशेजारच्या इनच्या जागेकडे वाकला. तिथे काहीच नव्हतं. चप्पल खाली पायरीपाशी होती, त्याने काढली होती तशीच. माझीही तशीच.

तो तिथेच वाकलेला राहिला, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले आणि त्या रिकाम्या ओट्याकडे बघून काकांना तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.