वहीतला एक फटका

अरविंदराव सबनीसांना बेसबॉलच्या मैदानावर मीच नेलं, हे आधी नोंदवून ठेवतो. या गौरवग्रंथात दुसरं कुणी ते लिहिणार नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते दोह्याला आमच्या तेल कंपनीत रुजू झाले. शुक्रवारी सकाळी अमेरिकन इंजिनिअर वाळूवर बेसबॉल खेळत आणि त्यांच्या संघातला एकमेव मराठी माणूस मी होतो. "एकटे खोलीवर बसून काय करता? चला," मी म्हणालो. जळगावला शाळेत आपण सॉफ्टबॉल गाजवला होता, हे त्यांनी काही सांगितलं नाही. पहिलाच चेंडू त्यांनी पाण्याच्या टँकरपलीकडे धाडला.

माझी खोड क्रिकेटची. चेंडू मारला की मी बॅट हातात धरूनच पळायचो. "ड्रॉप इट!" कॅप्टन ओरडायचा, पण बॅट काही सुटायची नाही. महिन्याभरात माझी जागा अरविंदरावांना मिळाली आणि मला स्कोअरची वही.

त्या वहीत पुढे दहा वर्षं मी त्यांचे पराक्रम लिहिले. सर्वांत जास्त होमरन त्यांचे, चार करंडक त्यांच्या कप्तानीत. माझा नुसता जळफळाट होई. त्यात माणूस इतका भला की रागाला जागाच नाही. मला मूतखडा झाला तेव्हा तीन दिवस ते डबा घेऊन रुग्णालयात येत होते. खिचडी उत्तम होती, याचाही मला रागच आला.

एका मोसमात त्यांनी प्रत्येक सामन्यात फटका मारून बेस गाठला होता. शेवटच्या सामन्यातही ते साधलं, तर क्लबच्या फलकावर त्यांचं नाव लागणार होतं. त्यांनी सणसणीत मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून निसटला. असा चेंडू फटका धरायचा की क्षेत्ररक्षकाची चूक, हे स्कोअररने ठरवायचं असतं. मी 'चूक' लिहिलं आणि त्यांचा विक्रम तिथेच खलास झाला.

संघातले अमेरिकन माझ्याशी भांडायला आले. अरविंदरावांनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या हो. कुलकर्णींनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असेल." आजही तो विषय निघाला की ते हेच सांगतात.

अरविंदराव, तुमच्या पंचाहत्तरीनिमित्त छापून देतो: तो फटकाच होता आणि मला तो स्वच्छ दिसला होता. उदंड जगा, गुडघे जपा, शंभरीलाही मलाच लिहायला सांगा. हे वाचून तुमचा फोन येईल, तेव्हा मात्र "जाऊ द्या हो" म्हणू नका. एकदा तरी मला चांगलं फैलावर घ्या.