आतली खोली आणि बोहारीण
आई गेल्यावर माझे वडील, दादा, धायरीच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत होते. तेव्हा तिकडे सगळी शेतं नि अर्धवट इमारती. संध्याकाळ झाली की बोलायला चिटपाखरू नाही. मी इथे सदाशिव पेठेत, पण घास घशाखाली उतरत नव्हता. "दादा, आमच्याकडे या ना राहायला," म्हटलं की ते म्हणायचे, "तुमच्याकडे सामान राहतं. त्याची कशाला अडचण करू?"

आता हे खोटं कसं म्हणू? स्वयंपाकघर आणि दोन खोल्या एवढंच आमचं घर, आणि त्यातली आतली खोली म्हणजे 'असू दे, लागेल'चं कोठार. हा मंत्र आमच्या ह्यांचा. टीव्हीचं खोकं? असू दे, लागेल. श्रीखंडाचे रिकामे डबे, छत्रीच्या काड्या, बंद पडलेली इस्त्री, सगळं लागणार. कशाला, ते विचारायचं नाही. मीही काही कमी नव्हते, पण माझं सामान कपाटात होतं, त्यामुळे मला ते सामान वाटतच नसे.

एका शनिवारी मात्र माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि म्हटलं, "अहो, आज एक तर ही खोकी तरी जातील, नाही तर मी तरी धायरीला जाईन." हे बिचारे मुकाट्याने खोकी उचलून रद्दीवाल्याकडे गेले.

मी कपाट उपसलं. जुन्या साड्या, ह्यांच्या घट्ट झालेल्या पँटी, हा ढीग! तेवढ्यात जिन्यात हाक आली, "भांडीऽऽये!" जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण. देवच पावला! ती म्हणे वाटी देते, मी म्हणे पातेलं. घासाघीस करण्यात मी कुणाला ऐकत नाही. पातेलं मिळालं आणि मला चेवच चढला. आणखी साड्या काढून परात घेतली, ह्यांच्या लग्नातल्या कोटावर पाण्याचं पिंप. बाई कपाळाला हात लावून गेली.

हे परतले तेव्हा मी सगळी भांडी आतल्या खोलीत मांडून ऐटीत उभी होते. त्यांनी डोकावून पाहिलं, पिंपावर टिचकी मारली. "वा! दादांची सोय झाली. डोकं पातेल्यात, पाय परातीत."

असला राग आला मला! आणि मग असं हसू फुटलं की मी जमिनीवरच बसले. खोकी गेली, कपडे गेले, आणि खोली पुन्हा भरायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी ती भांडी वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थिनींना देऊन टाकली, पिंपासकट. हातून सुटेना, पण दिलं. खोली धुतली. कित्येक वर्षांनी खिडकी उघडली, तर मागे चक्क कडुनिंबाचं झाड! ह्यांनी खिडकीशी खाट मांडली.

मग दादांना जेवायला बोलावलं. ते आतल्या खोलीच्या दारातच थबकले.

"एवढं सगळं काढलंस? माझ्यासाठी?"

मला रडू कोसळायच्या बेतात होतं. पण आमच्या माहेरी कुणी सरळ बोलतं का? "छे हो," मी म्हटलं, "धूळ फार झाली होती."

दादा खाटेवर बसले. हाताने चादर सारखी केली, मग पाय वर घेऊन चांगले लांब पसरले.

"मग उद्याच येतो राहायला," म्हणाले. "धुळीचा काय भरवसा, बसायची पुन्हा."