नानांचं सोळावं पाऊल

आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगत होते, तर एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता. आणि हो, गाढवपणा माझाच आहे. 'कोण गं ती बया?' असं मध्येच विचारू नका.

मी स्पीच थेरपिस्ट. म्हणजे पक्षाघातानंतर ज्यांचं बोलणं अडतं, त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे माझं काम. मूळची साताऱ्याची, पण नोकरी लागली जळगावला, एका पुनर्वसन केंद्रात. येऊन दहा दिवसही झाले नव्हते. कोरा ॲप्रन, कोरी फाईल आणि डोक्यात नव्या कोऱ्या पदवीची हवा!

माझे पहिले पेशंट होते नाना. यावलजवळच्या खेड्यातले, सत्तरीचे, केळीची बाग असलेले. पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला होता, उजवा पाय जड पडला होता. सोबत त्यांची बायको, अक्का. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीकडे. पुढच्या रविवारी नातीचा साखरपुडा होता, आणि नानांना मांडवात स्वतःच्या पायांनी चालत जायचं होतं.

मी तपासणी सुरू केली. जीभ बाहेर काढा. गाल फुगवा. सगळं ठीक.

"नाना, आत्ता आपण कुठल्या गावात आहोत?"

"जयगाव."

माझे कान टवकारले. मी केळ्याचं चित्र पुढे धरलं.

"हे काय आहे?"

"केय." नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पोरी, चायीस वर्सं केयीच लावल्या मी. इतलं बी समजत न्हाई का मले?"

मग डोळ्याचं चित्र. "डोया." शाळेचं चित्र. "शाया."

अहो, आनंदाने मला घाम फुटला! प्रत्येक शब्दातला 'ळ' गायब, आणि प्रत्येक ठिकाणी 'य'! मोठमोठ्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं लक्षण मी दहाव्या दिवशी पकडलं! फाईलमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं, 'झटक्यामुळे ळ चा उच्चार पूर्णपणे गेला आहे.'

तुम्ही म्हणाल, अगं, घरच्यांना तरी विचारायचंस. विचारलं ना! तपासणीचा पहिलाच नियम आहे तो. मी अक्कांना विचारलं, "यांचं बोलणं आधीसारखं वाटतं का?"

"हाव, आधीसारखंच," अक्का म्हणाल्या.

मी काय लिहिलं माहितीये? 'नातेवाइकांना अजून लक्षणाची जाणीव झालेली नाही.'

मग नानांच्या हातात आरसा दिला. जीभ वर न्यायची, मागे वळवायची आणि म्हणायचं 'ळ'. रोज शंभर वेळा. सरावासाठी एक वाक्यही मी स्वतः रचून दिलं, 'बाळूने पिवळी केळी डाळीजवळ ठेवली.' केळी डाळीजवळ कशाला ठेवील कुणी? पण मला कोण विचारणार!

आणि निघताना बोट वर करून तंबी दिली, "नाना, बोलताना ळ आला की थांबायचं. नीट म्हणायचं. नीट आला तरच पुढे जायचं. तोवर नाही!"

नाना होते आज्ञाधारक. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आमचा फिजिओथेरपिस्ट शिरीष माझ्या खोलीत आला, चेहरा उतरलेला.

"मॅडम, नानांचं काहीतरी बिनसलंय. काल दांड्यांना धरून पंचवीस पावलं चालले. आज पंधरावर थांबले ते थांबलेच."

"दमले असतील."

"दम लागलेला नाही. नुसते उभे राहतात आणि तोंड वेडंवाकडं करतात."

तिसऱ्या दिवशी पंधरा. चौथ्या दिवशीही पंधरा! सकाळी पंधरा, संध्याकाळी पंधरा. एक पाऊल कमी नाही की जास्त नाही. शिवाय बोलणंही बंद. आधी अख्ख्या वॉर्डाला केळीच्या जाती समजावून सांगणारा माणूस आता नुसती मान हलवायचा. अक्का पदराने डोळे पुसत बाकावर बसून असायच्या. साखरपुड्याचं नाव कुणी काढत नव्हतं.

मग धावपळ सुरू झाली. रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, हृदयाचा आलेख काढला. सगळं व्यवस्थित! दुसरा झटका तर येऊन गेला नाही ना, पुन्हा एमआरआय करायचा का, अशी चर्चा सुरू झाली. आणि मी? मी गंभीर चेहऱ्याने सांगत होते, "सर, बोलण्यावरही परिणाम झालाय. मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलंय."

आमचे मोठे डॉक्टर धुळ्याचे. शांत माणूस. ते म्हणाले, "चला, मी स्वतः बघतो."

सगळे जमलो. एका बाजूला शिरीष, एका बाजूला मी, मागे अक्का आणि वॉर्डातल्या मावशी. नाना दांड्यांमध्ये उभे राहिले.

"चला नाना, मोजत मोजत."

"एक, दोन, तीन..." नाना छान चालत होते. पाऊल उचलत होते, टाच टेकत होते. "तेरा, चौदा, पंधरा."

थांबले! जीभ वर गेली, मागे वळली, ओठ वाकडे झाले, कपाळावर घाम आला.

"दम लागतोय?" डॉक्टरांनी विचारलं. नानांनी मान हलवली, नाही.

"पाय दुखतोय? चक्कर येतेय?" नाही.

"मग अडतंय कुठे?"

नानांनी दांडीवरचा एक हात सोडला आणि सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

आता मात्र अक्कांचा बांध फुटला. "डाक्टरसाहेब, काय करतीन ते? त्याहिले सोया म्हनता येत न्हाई ना! ह्या बाईनं सांगलं, नीट म्हनता आलं तरच पुढं जायचं. मंग कसे जातीन ते पुढं?"



"काय म्हणता येत नाही?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"सोया. पंधरा, सोया, सतरा. त्यातलं सोया."

डॉक्टर मागे वळले. "मावशी, पंधरानंतर काय येतं?"

"सोया!" मावशी ठणकावून म्हणाल्या. एवढं सोपं काय विचारता, असा चेहरा.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, पण खांदे हलत होते. "मॅडम, अक्का आणि मावशींनाही दाखल करून घ्यायचं का? आणि माझी आई अजून 'धुये'च म्हणते. तिला कधी पाठवू?"

जमिनीने मला पोटात घ्यावं म्हणतात ना, मी तिथली फरशीसुद्धा न्याहाळून पाहिली! आणि डोक्यात एकेक दिवा लागत गेला. भाजीवाला वांगं 'कायं' आहे म्हणायचा. घरमालकीणबाई रोज सकाळी 'नयाले पानी आलं' म्हणून हाक मारायच्या, आणि मला वाटायचं, बाईंची कवळी सैल झालीये!

"नाना," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घरी म्हणतात तसं म्हणा. बिनधास्त. आणि चला."

नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी हो! मी कशीबशी मान हलवली.

"सोया!" नाना गरजले आणि पाऊल टाकलं. "सतरा, अठरा, एकोनीस..." चार दिवस कोंडलेला माणूस सुटला होता. दांड्या संपल्या. शिरीषने काठी दिली. नाना वळले, तीस ओलांडले, माझ्या अगदी समोर येऊन थांबले आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "चायीस!"

वॉर्डात टाळ्या पडल्या. अक्का हसत होत्या आणि रडतही होत्या.

संध्याकाळी मी नानांच्या खाटेपाशी गेले. माफी मागायची होती, पण शब्दच सापडेना. एवढी मी बोलण्याची डॉक्टरीण!

नानाच म्हणाले, "जाऊ दे पोरी. तू मले मन लावून शिकोलं. तुह्या त्या केयीवाल्या बायूचा मातर मले लय राग आला होता."

साखरपुड्याला नाना काठी टेकत, स्वतःच्या पायांनी मांडवात गेले. मी पाहिलंय, मला आग्रहाचं बोलावणं होतं. नातीने वाकून नमस्कार केला तेव्हा नाना दहा मिनिटं बोलत होते. त्यांना कुणीही थांबवू शकलं नाही, आणि कुणाची तशी इच्छाही नव्हती.

सोमवारी मी नानांची फाईल बंद करायला उघडली. माझ्या ठळक अक्षरांवर एक आडवी रेघ मारलेली होती. खाली डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पेशंटचं बोलणं उत्तम. थेरपिस्टला भाषेच्या उपचारांची तातडीने गरज. रोज अर्धा तास, नानांकडे फोनवर.'

उपचार सुरू होऊन आता दीड वर्ष झालं. सुधारणा कितपत आहे, ते परवाच मी फोनवर नानांना विचारलं.

नाना म्हणाले, "घाबरू नको पोरी. टाईम लागते."