ॲडमिनकाकांचा नियम

कोणी नवा फोटो टाकला, की बाकीचे 'वा', 'मस्त' लिहीत. ॲडमिनकाका एवढंच विचारत, "ज्याचा काढला, त्याले विचारलं का?"

खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका फोटोच्या साइटवर आम्हा नागपूरकडच्या लोकांचा ग्रुप काढला होता. मी पारशिवनीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि तिरुपूरला कापड रंगवायच्या कारखान्यात लागलो. तमिळ येत नव्हतं आणि भीती सगळ्याचीच वाटे: मुकादमाची, आजारपणाची, घरून येणाऱ्या फोनची. जेवणाच्या सुट्टीत ग्रुप उघडला, की आपल्या बोलीतलं कोणीतरी भेटे.

एकदा मी गाठोड्यांवर झोपलेल्या सोबत्याचा फोटो टाकला. काकांनी तो काढून टाकला. "झोपल्या मानसाचा फोटो म्हंजे त्याच्या खिशात हात. जाय, विचार त्याले." मी हातवारे करून विचारलं. त्याने केस विंचरले, शर्ट बदलला आणि ताठ उभा राहिला. फोटो काही खास आला नाही, पण त्या दिवसापासून आम्ही सोबत जेवू लागलो. परमुलखातला माझा पहिला मित्र असा मिळाला.

फोटोखाली चार ओळी लिहायच्याच, हाही त्यांचा हट्ट. मला लिहिता येत नाही म्हटलं, तर म्हणाले, "बोलता तं येते ना गा? मंग तेच लिही." माझ्या चुका त्यांनी चारचौघांत कधी काढल्या नाहीत, वेगळा निरोप पाठवून सांगत. आज हे लिहितोय, ते त्यांच्यामुळेच.

आणखी एक नियम फार कडक होता. "दुसऱ्याच्या फोटोले हात लावाचा नाही. पाहा, तारीफ करा अन् निंघा." कोणी दुसऱ्याचा फोटो आपल्याकडे उतरवून घेतला, की तो ग्रुपबाहेर.

त्यांचे स्वतःचे फोटो बहुतेक काकूंचेच: मेथी निवडणाऱ्या, स्कूटीला घाबरणाऱ्या, 'पुरे आता' म्हणत पदर तोंडावर घेणाऱ्या. "काकूले विचारलं होतं का?" मी एकदा चिडवलं. "विचारलं तं! तुही काकू म्हने, पह्यले भाजी आना, मंग काढा." काकू गेल्यावर ते सगळे साइटवर चढवून त्यांनी जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. "घरात खराब होतीन. तिथं बरे राह्यतीन."

मागच्या उन्हाळ्यात साइटवाल्यांनी कळवलं, साइट बंद होतेय, आपापले फोटो उतरवून घ्या. काका तेव्हा धंतोलीच्या एका दवाखान्यात बेशुद्ध होते. पासवर्ड मुलालाही माहीत नव्हता. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "काकाचे आपन उतरवून घेऊ का?" लगेच दुसऱ्याचं उत्तर, "त्याईले न विचारता? शुद्धीवर आले म्हंजे काय सांगशीन?" कोणीच उतरवले नाहीत. मीही. काकूंचे फोटो रोज उघडून बघत होतो आणि काका आज उठतील, उद्या उठतील म्हणून थांबत होतो. मग एका सकाळी साइट उघडलीच नाही.

काका बरे होऊन घरी आले, तेव्हा त्यांचा फोन आला. "तुह्याजवळ असन ना गा काकूचा एखादा? भिंतीवर हाये, पन त्याच्यात ते हासून नाही राह्यली."

"काका, तुमीच तं सांगतलं होतं, हात लावाचा नाही..."



"हो. बरोबर हाये. शहाने पोट्टे तुमी," ते म्हणाले. मग आवाज एकदम खाली गेला.

"एकानं तरी चोरून ठेवाचा होता गा."