बाभळीला लावलेला हात

आमच्या तलावात एक बाभूळ उभी आहे. तलाव झाला तेव्हा पाण्यात गेली, तिथंच वाळली. आमच्या शिडाच्या डोंग्यांची शर्यत तिच्यापर्यंत जाते आणि परत येते. बाभळीला हात लावायचा आणि वळायचं, एवढाच नियम. तिथं पंच नसतो. बसणार कुठे, फांदीवर? परत आल्यावर माणूस म्हणतो, हात लावला, आणि बाकीचे मानतात. या नियमापायी माझा नवरा आणि माझा भाऊ एकाच दुपारी माझ्या हातून जाता जाता राहिले, म्हणून आधी तोच सांगितला.

मेडशीवरून आत वळलं की आमचं गाव. तलावाच्या काठानं आमचे भाजीचे मळे. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाइलवर कुठल्याशा मुलखातल्या शिडाच्या होड्या पाहिल्या आणि डोक्यात खूळ शिरलं. मासे धरायचे पत्र्याचे डोंगे गावात होतेच. वेल्डिंगवाल्याकडून कुशीला पाण्यात उतरणारी फळी बसवून घेतली, आत रिकामे ड्रम बांधले, मधे बांबू उभा केला. शीड मी शिवलं, पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचं. मशीनच्या सुया कटाकट मोडत होत्या आणि मी ह्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. माझं माहेर तलावाच्या पलीकडच्या काठाला. धाकट्या भावानं आमचा डोंगा पाहिला आणि त्यालाही तसाच पाहिजे झाला. त्याचंही शीड मीच शिवलं. ह्यांच्या शिडावर गॉगलवाला पुढारी, भावाच्या शिडावर हात जोडलेला. मग शाळेतले मास्तर आले, एसटीतला कंडक्टर आला, आणखी मळेवाले आले, आणि रविवारी दुपारी पावसाळी वारं असलं की शर्यत होऊ लागली. मी काठावर थाळी वाजवली की सुटायचं.

शिडाच्या दोरीला आम्ही कासराच म्हणतो. धरतोही तसाच, हाताला वेढे देऊन. बैल उधळला तरी कासरा सोडायचा नाही, हे आमच्या लोकांच्या अंगात मुरलेलं आहे. वारा चढला की मास्तर ओरडायचे, दोरी ढिली सोडा, नाहीतर डोंगा पलटेल. कोण ऐकतो? वारा जितका ओढी, तितका आमचा माणूस आणखी एक वेढा घेई. मीही शेतकऱ्याचीच पोर, मलाही तेच बरोबर वाटायचं.

मग एका रविवारी भाऊ पहिला आला. हे त्याच्या अगदी मागे होते. काठाला लागल्या लागल्या हे म्हणाले, "याचा हात लागला नाई बाभळीले. वीतभर राह्यला व्हता."

"लावला म्या," भाऊ म्हणाला. "माह्या ताईची आण."

बहिणीची आण घेतल्यावर विषय संपतो आमच्याकडे. पण ह्यांची जीभ. चारचौघांत म्हणाले, "मंग तुही ताई मेली समज."

भावानं ह्यांची गचांडी धरली. मास्तरांनी आणि कंडक्टरनं ओढून बाजूला केलं तेव्हा ह्यांच्या सदऱ्याची बटणं चिखलात पडली होती. आणि मी थाळी हातात घेऊन उभी. दोन बाप्ये बाभळीवरून भांडतात आणि मरायचं मात्र मी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. रात्री ह्यांच्यासमोर ताट असं आदळलं की भाजी भिंतीला लागली. हे एवढंच म्हणाले, "म्या खोटं बोललो का?" दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. भाऊजी माफी मागत नाहीत तोवर आमच्या दारात यायचं नाही, आणि तूही येऊ नको. माझी आई त्याच घरात आहे. माझं माहेर बंद झालं, तेही समोर दिसत असताना. सांजेला तिकडच्या चुलीचा धूर दिसायचा आणि मला रडू फुटायचं.

पुढच्या रविवारी वारं वेड्यासारखं सुटलं होतं. ह्यांच्या डोंग्यात जोडीला बसायचा तो कंडक्टर ड्युटीवर अडकला. मी थाळी मास्तरांच्या हातात दिली, पदर खोचला आणि ह्यांच्या डोंग्यात जाऊन बसले. मी मधे असले तर दोघं हात उचलणार नाहीत असं वाटलं. काय पण अक्कल माझी.

भाऊ त्याच्या डोंग्यात एकटाच होता. बाभळीपर्यंत दोघे बरोबर आले आणि त्यानं डोंगा आमच्या अंगावर घातला. पत्र्यावर पत्रा आपटला, मी गुडघ्यावर पडले. भावाच्या उजव्या हाताला कासऱ्याचे वेढे होते. डाव्या हातानं त्यानं बाभळीच्या खोडावर फाडफाड मारायला सुरुवात केली. तळहातातून रक्त येईस्तोवर मारलं.

"पाहा आता. डोळे फाडून पाहा."

"हट मांगं," हे म्हणाले, आणि रेटायचा बांबू उचलला.

भावानं आमच्या डोंग्याला लाथ घातली. ह्यांनी बांबू सरळ त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रक्त त्या हात जोडलेल्या पुढाऱ्याच्या शर्टावर उडालं. भावानं वल्हं घेतलं आणि ह्यांच्या तोंडावर मारलं, ओठ फाटला, मग खांद्यावर मारलं. मी मधे घुसले तर माझ्या कोपरावर बसलं, हात बधीर झाला. मी दोघांनाही आईमाईवरून शिव्या देत होते. भाऊ रडत होता आणि मारत होता. ह्यांना तर समोर कोण आहे तेच दिसत नव्हतं, गुरासारखं बडवत होते.

तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला. भावाचं शीड फुगलं, डोंगा एका अंगावर उठला. त्या क्षणी त्यानं दोरी सोडायला पाहिजे होती. त्यानं वल्हं टाकलं आणि हाताला आणखी एक वेढा घेतला. मी डोळ्यांनी पाहिलं. डोंगा पलटला, शीड पाण्यावर आडवं पडलं आणि तो त्याच्याखाली गेला. एकदा तोंड वर आलं. "ताई" म्हणाला आणि दोरीनं त्याला परत खाली ओढलं.

डोंग्यात विळा असतो, फळीला शेवाळ अडकतं ते कापायला. तो माझ्या पायाशी होता. मी उचलला.

"विळा दे," हे म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. फाटक्या ओठातून रक्त गळत होतं, डोळे तसेच तांबडे. आत्ता ज्या माणसानं माझ्या भावाचं नाक फोडलं त्याच्या हातात मी विळा कशी देऊ? खाली जाऊन हा काय कापेल? नवरा आहे माझा, इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आणि मला ते ठरवता येईना.

"दे वं. मरते तो."

मी दिला. ह्यांनी उडी घेतली. आमचा डोंगा वाऱ्यानं निघाला, म्हणून मी बाभळीला मिठी मारली. काटे दंडात शिरले, गालात शिरले, मी सोडली नाही. पाण्यावर ते शीड हलत होतं, आणि त्याच्या कडेनं लाल रंग वर येत होता. कोणाचं रक्त ते कळायला मार्ग नव्हता. मी देवाला एकच म्हणत होते, दोघंही पाहिजेत मला, एकच देऊ नको.

हे वर आले ते भावाला केसांनी धरून. मी आणि ह्यांनी त्याला आत ओढला. मी त्याच्या पाठीत बुक्क्या घातल्या, जीव खाऊन घातल्या, तेव्हा तो पाणी ओकला आणि श्वास लागला. उजव्या हाताची दोन बोटं कातड्याला लोंबत होती. दोरीनं आधीच गेली होती की विळ्यानं, ते वाशीमच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. त्यांनी ती काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. हे रात्रभर तिथंच होते, पण वॉर्डात पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते, ओठाला टाके. आत भाऊ छताकडे पाहत पडला होता, उजवा हात पांढऱ्या गाठोड्यात, डावा तळहातही बांधलेला. मी ताटात वरणभात कालवायला घेतला.

"ताई," तो म्हणाला, "त्या रविवारी हात नव्हता लागला. वीतभरच राह्यला व्हता."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. हात बांधलेल्या, नाक फुटलेल्या माझ्या भावाच्या. सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. त्याच्या नाकातून परत रक्ताची धार लागली, सिस्टर धावत आल्या आणि मला बाहेर जा म्हणाल्या. मी गेले नाही. वीतभर अंतरासाठी यानं माझा जीव पणाला लावला होता, आणि त्याच वीतभरासाठी ह्यांनी मला चारचौघांत मारून टाकलं होतं.

आवाज ऐकून हे दारात येऊन उभे राहिले होते. मी म्हणाले, "या, आत या. दोघंबी नीट पाहा माह्याकडं. मेली का मी?"

भावानं छताकडे पाहिलं, ह्यांनी फरशीकडे.

"मेली का, इचारून राह्यली."

"नाई," भाऊ म्हणाला. ह्यांनी नुसती मान हलवली.

मी ताट ह्यांच्या हातात दिलं. "मंग भरवा त्याले. त्याले हात नाई."

हे खाटेच्या कडेला बसले. ह्यांच्या हातून भात ताटात सांडत होता. भावानं त्यांच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहत राहिला. ह्यांनी घास त्याच्या तोंडाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. बऱ्याच वेळानं माझ्या भावानं तोंड उघडलं.