ट्रेलरमधले पाच जण

मार्ला लिंडक्विस्ट शाळेची बस चालवायची. आयडाहोच्या पार उत्तरेला, डोंगरातल्या वस्त्यांवरची पोरं गोळा करून गावातल्या शाळेत सोडायची आणि दुपारी परत आणायची. बर्फ पडलं की चाकांना साखळ्या स्वतःच्या हाताने चढवायची. तिच्या बसमध्ये दंगा करायची कुणाची टाप नव्हती; आरशातून नुसतं बघितलं तरी मागची रांग गप्प व्हायची. अशी ही खणखणीत आवाजाची बाई त्या दोन वर्षांत स्वतःच्या घरात कुजबुजायला शिकली.

घर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत नेतात तसला जुना ट्रेलर. एका टोकाला मार्ला आणि तिचा नवरा कर्ट यांचा पलंग, दुसऱ्या टोकाला चौदा वर्षांची ब्रिन आणि सात वर्षांची टिली यांच्या खालीवर फळ्या. मधे जेवायचं टेबल. रात्री ते खाली पाडून त्यावर गाद्या टाकल्या, की तिथे कर्टचे वडील हार्लन झोपायचे. दारं म्हणावीत तर पडदे. कुणी कूस वळवली तरी अख्खा ट्रेलर हलायचा.

"एका उन्हाळ्याचा तर प्रश्न आहे," एप्रिलमध्ये गावातलं घर सोडताना कर्ट म्हणाला होता. "बर्फ पडायच्या आत आपण आपल्या छपराखाली."

त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला कारण होतं. ते कारण म्हणजे हार्लन. त्या खोऱ्यातली निम्मी घरं या माणसाने उभी केलेली. वय चौऱ्याहत्तर, पण शिडी चढताना हात धरू द्यायचा नाही. बायको आयरिन सहा वर्षांपूर्वी गेली तेव्हा त्यांनी राहतं घर विकून टाकलं होतं, पण ओढ्याकाठची ही दहा एकर जागा मात्र ठेवली होती. कर्ट लाकडाच्या गिरणीत आठवड्याचे चार दिवस कामाला. तेवढे दिवस हार्लननी एकट्याने काम रेटायचं आणि उरलेले तीन दिवस बापलेकांनी मिळून, असं ठरलं होतं.

मे महिन्यात पाया झाला. जूनमध्ये भिंतींचे उभे वासे उभे राहिले. मार्ला संध्याकाळी टिलीला घेऊन त्या सांगाड्यात फिरायची. "ही तुझी खोली. इथे तुझी खिडकी." टिली लगेच रिकाम्या हवेतलं दार उघडल्यासारखं करून आत जायची.

पण जुलैत काम रेंगाळलं. मार्ला गुरुवारी बघायची तेव्हा एक भिंत उभी असायची, रविवारी बघावं तर तीच भिंत पुन्हा जमिनीवर आडवी. विचारलं की कर्ट म्हणायचा, "लाकूड पिळलेलं निघालं. बदलतोय." ऑगस्टमध्येही तेच. मार्लाची चिडचिड व्हायला लागली. ट्रेलर उन्हाने तापायचा, अंघोळीची टाकी चौथ्या माणसाला थंड पडायची, आणि ब्रिनने शाळेतल्या मैत्रिणींना आपण कुठे राहतो हे सांगितलंच नव्हतं.

"उशीर कशाने होतोय ते तरी सांग," मार्ला म्हणायची.

"होईल गं. डॅडचं काम पक्कं असतं. घाईचं नसतं."

सप्टेंबरमधली गोष्ट. शाळा सुरू झाली होती. सकाळची फेरी संपवून मार्ला परत आली आणि बस लावून खाली उतरली. हार्लन दोन लांब फळ्यांना करवतीने खाचा पाडत बसले होते. खाचा एकसारख्या, कोनात, एकीखाली एक. मार्ला सुताराची सून. खाचा कशाच्या ते तिला कळायला वेळ लागला नाही. जिन्याच्या बाजू होत्या त्या. आणि यांचं घर एकमजली होतं.

"हार्लन, जिना कशाला करताय?"

"वर जायला." त्यांनी वर न बघता पेन्सिल कानामागे खोचली. "आयरिन काय उडत जाईल?"

मार्ला हसली. म्हातारा थट्टेखोर होता, तिला वाटलं थट्टाच आहे. पण हार्लन हसले नाहीत. पट्टी लावून पुढची खाच मोजायला लागले आणि सहज म्हणाले, "तिला विचार जरा, वरच्या खोलीची खिडकी ओढ्याकडे हवी की रस्त्याकडे. सकाळपासून विचारायचं राहतंय."

मार्ला तिथेच उभी राहिली. मग तिने ट्रेलरमधून नकाशा आणला आणि तो हातात धरून सांगाड्यात एक फेरी मारली. स्वयंपाकघर पूर्वेला हवं होतं, ते उत्तरेला बांधलं होतं. पोरींच्या खोल्यांमधली भिंत नव्हतीच. हे नकाशातलं घर नव्हतं. हे दुसरंच कुठलं तरी घर होतं आणि ती त्यात जेवून आली होती, लग्नाच्या आधीपासून, कितीतरी रविवार. हार्लननी आयरिनसाठी बांधलेलं आणि नंतर विकलेलं घर ते पुन्हा बांधत होते.

आता हे कर्टला सांगायचं कुठे? ट्रेलरमध्ये पडद्याच्या अलीकडे पुटपुटलं तरी पलीकडे ऐकू जायचं. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "बसचा दिवा लागत नाहीये. जरा बघतोस?" दोघं रिकाम्या बसमध्ये जाऊन बसली, पहिल्या रांगेत, पोरांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर काढून.

तिने जिन्याचं सांगितलं. आयरिनचं सांगितलं.

"थट्टा करत असतील."

"कर्ट, मी नकाशा घेऊन फिरले."

"त्यांनी घरं बांधली तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. नकाशा काय शिकवतेस त्यांना?"

"मी शिकवत नाहीये. ते आजारी आहेत असं म्हणतेय."

कर्ट एकदम उठला. डोकं छताला आपटलं. "तुला पहिल्यापासून इथे यायचं नव्हतं. गावातलं घर सुटलं म्हणून तू कावलीयेस, आणि आता खापर माझ्या बापावर फोडतेस."

"हळू बोल."

"बसमध्येसुद्धा हळू?" तो म्हणाला आणि दार ढकलून निघून गेला. दुसऱ्या दिवशी जिन्याच्या बाजू जागेवर नव्हत्या. दोघांनीही तो विषय काढला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, बांधकाम-तपासनीस आला. सांगाडा तपासून त्याने होकार दिला की छप्पर चढवता येणार होतं. मवाळ बोलणारा, मध्यम वयाचा माणूस. हार्लनना ओळखत होता. त्याच्या आईचं घर त्यांनीच बांधलेलं. तो भिंतीभिंतीने फिरला आणि मधल्या मोठ्या मोकळ्या जागेत थांबला. वर बघितलं, पुन्हा बघितलं.

"कर्ट, इथे वर तुळई नाही."

कर्टने मान खाली घातली.

"छपराचा सगळा भार इथे येतो. वर चार फूट बर्फ साचलं तर हे घर बसेल. मी यावर सही करू शकत नाही."

तेवढ्यात हार्लन आले. त्या दिवशी त्यांचं डोकं अगदी स्वच्छ होतं. सकाळी त्यांनी टिलीला तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं विचारली होती. ते तपासनिसाशेजारी उभे राहिले, मान वर केली आणि त्यांचा चेहरा रागाने लाल झाला.

"हे कुणी केलं?"

तपासनिसाने कर्टकडे बघितलं.

"तुळई नाही, टेकू नाही. आत झोपलेली माणसं मरतील! कर्ट, कुठला माणूस लावलास तू कामाला?"

कर्टने घसा साफ केला. "होता एक, डॅड."

"काढून टाक त्याला. आजच्या आज."

"काढला."

"बरं केलंस. अशा माणसाच्या हातात हातोडाच देऊ नये." एवढं बोलून ते भिंतीजवळ गेले आणि एका वाशावर तळवा ठेवून उभे राहिले. तपासनिसाने टोपी काढली, पुन्हा घातली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि मार्लाकडे बघून नुसती मान हलवली.

तो गेल्यावर कर्ट आपण होऊन बसमध्ये जाऊन बसला. मार्ला मागोमाग गेली.

"जूनपासून माहीत आहे मला," तो म्हणाला. "सोमवार ते गुरुवार ते जे चुकीचं लावायचे ते मी शुक्रवार ते रविवार काढायचो. पुन्हा लावायचो. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा काढायचे. त्यांना वाटायचं कुणीतरी त्यांचं काम बिघडवतंय."

"आणि मला म्हणालास मी खापर फोडते."

"हो. म्हणालो."

"का?"

"तोंडाने हो म्हटलं असतं तर ते खरं झालं असतं," कर्ट म्हणाला. आणि मग तो मोठा धिप्पाड गडी पोरांच्या बाकावर वाकून रडला. मार्लाने त्याच्या पाठीवर हात ठेवला खरा, पण तिचा राग गेला नव्हता. चार महिने तिने उकाड्यात, कुबट वासात काढले होते आणि चार महिने तो तिला लाकूड पिळलेलं निघालं म्हणून सांगत होता.

नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात बर्फ आलं. सांगाड्यावर ताडपत्री ओढली. ट्रेलरखालून वारा शिरू नये म्हणून भोवती गवताचे गठ्ठे रचले. तरी पाण्याचा नळ गोठायचाच. पाच माणसांच्या श्वासाची वाफ भिंतींवर जमून खाली ओघळायची. गाद्यांच्या खाली काळी बुरशी धरली. टिलीचा खोकला थांबेना. डॉक्टरने हार्लनच्या आजाराला नाव दिलं, ते वाढत जाणारं आहे हेही सांगितलं. हार्लनना काम नसलं की ते अस्वस्थ व्हायचे, म्हणून कर्टने त्यांच्यापुढे वाकलेल्या खिळ्यांची बादली ठेवली. ते दिवसभर बसून एकेक खिळा ठोकून सरळ करायचे.

डिसेंबरात एका दुपारी मार्ला फेरी संपवून आली. टिलीला ताप होता म्हणून ती त्या दिवशी शाळेत गेली नव्हती. ब्रिन तिच्यापाशी थांबली होती, पण दहा मिनिटांसाठी सरपण आणायला बाहेर पडलेली. ट्रेलरचं दार उघडताच मार्लाच्या नाकात गॅसचा वास शिरला. वासाचा इशारा देणारं यंत्र किंचाळत होतं. शेगडीची चारही बटणं उघडी, जाळ एकालाही नाही. हार्लन ते यंत्र भिंतीवरून उपटून काढायच्या खटपटीत होते. टिली वरच्या फळीवर झोपलेली.

मार्लाने बटणं बंद केली, पोरीला उचलून बाहेर बर्फात आणलं, परत आत जाऊन सासऱ्याला दंडाला धरून ओढलं.

"कॉफी करत होतो," हार्लन रागावून म्हणाले. "हात सोड माझा. तू कोण?"

टिलीला काही झालं नाही. पण संध्याकाळी कर्ट कामावरून आला तेव्हा मार्लाने दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. त्या दिवशी ती कुजबुजली नाही.

"मी पोरींना डीनाकडे नेतेय." डीना तिची बहीण, गावात राहायची. "तिच्या तळघरात खोली आहे. हिवाळाभर."

"मग मी?"

"तूही चल."

"आणि डॅड?"

"डीनाकडे जिने आहेत, दोन लहान पोरं आहेत. त्यांना तिथे कसं ठेवणार? कर्ट, एखाद्या संस्थेत..."

"नाही."

"बोलू तरी दे."

"नाही म्हटलं ना. तू जा."

हार्लन टेबलाशी बसून सगळं ऐकत होते. "भांडू नका रे पोरांनो," ते म्हणाले. "बर्फ पडायच्या आत छप्पर होईल."

मार्ला गेली. दहा आठवडे ती आणि पोरी डीनाच्या तळघरात राहिल्या. कोरडी गादी होती, गरम पाणी होतं, टिलीचा खोकला आठवडाभरात गेला. मार्लाला मात्र चैन पडेना. बसची फेरी ओढ्याच्या वळणावरून जायची. रोज सकाळी तिला ट्रेलरच्या धुराड्यातून निघणारा धूर दिसायचा आणि पायरीवर उभे असलेले हार्लन दिसायचे. बस दिसली की ते हात करायचे. कर्ट कामावर असेल त्या दिवशी शेजारची बाई येऊन बसायची. रविवारी मार्ला डबा घेऊन जायची, कपडे धुवायला घेऊन यायची. नवरा-बायको एकमेकांशी पाहुण्यांसारखं नीट बोलायची.

मार्चमध्ये त्या परत आल्या. ताडपत्री काढली. मग मार्लाने ठरवलं, आता हातोडा आपणही धरायचा. सकाळची आणि दुपारची फेरी यांच्यामधले सगळे तास ती सांगाड्यावर असायची. चुकीच्या भिंती तिने आणि ब्रिनने मिळून उतरवल्या. हार्लन खुर्चीवर बसून बघायचे. कधी म्हणायचे, "हे कुणाचं घर पाडताय?" तर कधी, "कोपरा पाव इंच बाहेर गेलाय गं." मोजलं की पाव इंचच भरायचा. ब्रिन मग पहार खाली ठेवून आजोबांच्या गळ्यात पडायची. मैत्रिणींपासून घर लपवणं तिने त्याच उन्हाळ्यात सोडलं.

जूनमध्ये तपासनिसाने सही केली. सप्टेंबरात घर राहण्याजोगं झालं. आतल्या भिंतींना रंग नव्हता, पण दारं होती, आणि प्रत्येक दाराला कडी. टिलीने पहिल्या दिवशी आपलं दार वीसेक वेळा लावून उघडलं.

हार्लन मात्र आत राहायला तयार होईनात. जेवायला यायचे, खुर्चीच्या टोकावर बसायचे, आणि ताट संपलं की टोपी उचलायचे. "चांगले लोक आहात. पण मला घरी जायला हवं." घर म्हणजे ट्रेलर. दोनदा त्यांना नव्या खोलीत झोपवून बघितलं; दोन्ही वेळा ते भिंती चाचपत, घाबरून हाका मारत राहिले. शेवटी कर्ट आपली उशी घेऊन त्यांच्याबरोबर ट्रेलरमध्ये झोपायला गेला. तो पुढे सगळा हिवाळा तिथेच झोपला.

मार्ला नव्या खोलीत एकटी झोपायची. पूर्वेची मोठी खिडकी, रुंद पलंग, कुणी कूस वळवल्याचा आवाज नाही. दीड वर्ष ज्या शांततेसाठी तिचा जीव आसुसला होता, ती आता मिळाली होती, आणि तिला झोप लागत नव्हती.

फेब्रुवारीत हार्लनना न्यूमोनिया झाला. पाच दिवस ते इस्पितळात होते. शेवटच्या दिवशी ते कर्टला मिस्त्री समजून सूचना देत राहिले आणि कर्टने प्रत्येक सूचनेला "हो साहेब" म्हटलं. दफनाला खोऱ्यातली माणसं आली, बरीच त्यांनी बांधलेल्या घरांत राहणारी.

मे महिन्यात एका तरुण जोडप्याला ट्रेलर हवा होता. तेही घर बांधायला घेणार होते. ते ट्रेलर न्यायला येणार त्या सकाळी मार्ला आणि कर्ट दोघं मिळून तो पुसत होती. कर्टने टेबलावरची गादी गुंडाळली आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"तू पोरींना घेऊन गेलीस ते बरोबर केलंस. रोज स्वतःला सांगतो मी. पण ते मला विसरता येत नाही."

मार्लाने फडकं बादलीत पिळलं. "मलाही नाही येत," ती म्हणाली. "आणि तू मला चार महिने खोटं सांगितलंस, तेही."

"हो."

बाहेर गाडीचा आवाज आला. कर्टने गादी खांद्यावर घेतली, मार्लाने बादली उचलली, आणि दोघं एकामागोमाग एक खाली उतरून त्या तरुण जोडप्याला ट्रेलर गाडीला जोडायला मदत करायला गेली.