धडधाकट तक्ता

बंद पडलेल्या यंत्राभोवती सगळं कॉलेज जमायचं. मेश्राम सर मात्र प्रयोगशाळेत आले की नीट चालणाऱ्या यंत्रांची आधी चौकशी करत. "बिघडलेल्याले सारेच पाहतात," ते म्हणत. "चांगल्याले पाहून ठेवलं तरच बिघाड ओयखू येते."

यवतमाळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते प्रयोगशाळा सांभाळत. बाबा दारव्ह्याला जिनिंगमध्ये होते. कापसाचं गणित बिनसलं, जिन बंद पडलं आणि माझं पुढचं शिक्षण एका परीक्षेवर येऊन ठेपलं. बंगळुरूच्या एका संस्थेने विमानाच्या पंखात वापरतात तसला, कार्बनच्या धाग्यांचे थर चिकटवून केलेला तक्ता पाठवला होता. त्यावर नाण्याएवढ्या चकत्या बसवलेल्या. एक चकती थरथरली की लाट तक्त्यातून पसरत दुसरीपर्यंत पोचते. आत कुठे थर सुटला असेल तर लाट बदलते. जानेवारीत आम्ही नोंद घेतली आणि तक्ता परत धाडला. मे महिन्यात तो पुन्हा आला. मधल्या काळात त्याला इजा केली आहे का, असल्यास कुठे, हे सांगायचं होतं. उत्तर बरोबर आलं तर तिथे फी न भरता शिकायला जागा.

मी मोजलं. सगळ्या लाटा बदललेल्या! मी आनंदाने लिहून टाकलं, 'उजव्या कोपऱ्यात इजा.'

"काहून घाई करून राह्यली वं?" सरांनी स्वतःची डायरी उघडली. जानेवारीच्या पानावर खोलीचं तापमान होतं. माझ्या वहीत ते नव्हतंच. "कोपऱ्यातच इजा, तं साऱ्याच लाटा कशा बदलल्या? तक्ता तापला असन. उन्हाळा हाय यवतमाळचा!"

मग शेजारच्या रसवंतीतून बर्फाची लादी आली, कूलरच्या टाकीत पडली. खिडक्यांना ओली बारदानं लागली. पारा जानेवारीच्या आकड्यावर उतरला तेव्हा मी पुन्हा मोजलं. लाटा तंतोतंत जुळल्या. माझं तोंड पडलं.

"सर, एवढ्या लांबून तक्ता पाठवला अन् आपण 'काही नाही' कळवायचं? हसतील ना."

"हसू दे. नसलेली इजा लिहून तुले जागा भेटली, तं उद्या चांगला पंख मोडीत काढशील."

रडत रडतच मी 'इजा नाही' असं लिहिलं. महिन्याभराने पत्र आलं. सरांनी ते उभ्या उभ्याच वाचलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "पोरी, त्यायनं हातच नव्हता लावला! तक्ता खरंच धडधाकट होता!"

माझी निवड झाल्याचं खालच्या ओळीत होतं. ते मलाच त्यांना दाखवावं लागलं. मग मात्र चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी विमानांचे पंख तपासते. दिवसभर शोधून काही सापडलं नाही की भोवतालचे लोक मुकाट्याने सही करून घरी जातात. माझे हात मात्र फोनकडे वळतात. 'इजा नाही' या बातमीने एवढा खूश होणारा दुसरा माणूस मला भेटला नाही.